हिवाळ्यात जमिनीपर्यंत जळणारे अंजीर: फळ कसे पिकवावे आणि छाटकलमे कशी जगवावीत?

पानगळ (प्रश्न)

माझ्या अंगणात ‘शिकागो हार्डी’ जातीचे अंजिराचे झाड आहे. हिवाळ्यात तापमान बहुधा उणे 15 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि झाडाचा जमिनीवरचा सगळा भाग जळून जातो. वसंतात मुळांपासून जोमदार फुटवे येतात, त्यांवर फळेही भरपूर धरतात, परंतु ती हिरवी आणि कडक असतानाच दव गोठू लागते आणि हंगाम संपतो. मग या जातीला थंडीत टिकणारी म्हणतात ते कोणत्या अर्थाने?

दुसरी अडचण छाटकलमांची, म्हणजे झाडापासून कापून लावलेल्या काड्यांची आहे. कुंडीत लावल्यावर त्यांना पाने लवकर फुटतात, पण थोड्याच दिवसांत ती माना टाकतात, आणि उपटून पाहिले तर मूळ एकही नसते व खालचे टोक काळे पडलेले असते. दोन्ही बाबतींत मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

रानमेवा

रोपाच्या पाटीवरचा ‘थंडीत टिकणारे’ हा शब्द झाड जगण्याविषयी असतो, फळ पिकण्याविषयी नव्हे, आणि विकणारे हा फरक सांगण्याच्या फंदात पडत नाहीत. पूर्ण सुप्तावस्थेत गेलेले, चांगले पक्व झालेले लाकूड साधारण उणे 10 ते 12 अंशांपर्यंत तग धरते. कोवळे, रसदार लाकूड त्याच्या कितीतरी आधी मरते. मुळांना मातीचे पांघरूण असल्यामुळे ती वाचतात. तुमच्या झाडाचे वर्तन त्या दृष्टीने अगदी अपेक्षित आहे.

तरीही फळे धरतात, याचे कारण असे की अंजिराचा मुख्य बहार त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतो. मात्र जमिनीतून निघालेल्या फुटव्याला फळ धरण्याइतके वाढण्यातच उन्हाळ्याचा मोठा भाग खर्ची पडतो आणि त्यानंतर फळ पिकायला आणखी अडीच-तीन महिने लागतात. अंजिराचे फळ आधी वेगाने वाढते, मग कित्येक आठवडे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसते आणि शेवटी थोड्याच दिवसांत फुगून मऊ होते. तुमची फळे या मधल्या थांब्यातच थंडीच्या तावडीत सापडत आहेत, आणि हिरवे अंजीर तोडून घरात ठेवल्याने पिकत नाही.

म्हणून जुन्या लाकडाचा हात-दीड हात भाग जरी हिवाळ्यातून जिवंत काढता आला, तरी फूट लवकर सुरू होते आणि काही आठवडे पदरात पडतात. ‘रोंद द बोर्दो’, ‘फ्लोरिया’ आणि ‘इम्प्रूव्ह्ड सेलेस्ट’ या लवकर पिकणाऱ्या जाती आहेत. छोट्या उन्हाळ्यात मी जातीच्या काटकपणापेक्षा या गुणाला अधिक महत्त्व देईन. ‘डेझर्ट किंग’ मात्र विचारपूर्वक घ्यावी. तिचा मुख्य बहार अंजिराच्या विशिष्ट गांधीलमाशीने परागीभवन केल्याशिवाय गळून जातो आणि थंड प्रदेशात ती माशी सहसा नसते. उरतात ती जुन्या लाकडावरची पहिली फळे, आणि लाकूडच जळाले तर तीही नाहीत.

फुटव्याला पाच-सहा पाने आली की शेंडा खुडल्यास फळे लवकर धरतात, पण हे हंगामाच्या सुरुवातीलाच करावे. फुटवेही मोजकेच ठेवावेत. नत्रयुक्त खत उन्हाळ्याच्या मध्यानंतर पूर्ण बंद करावे, कारण उशिरा झालेली हिरवीगार वाढ थंडीत सर्वांत आधी मरते.

काडी ते झाड

मी छाटकलमांपुरते लिहितो. काडीत साठलेल्या अन्नाच्या बळावर डोळे फुटतात, त्यासाठी मुळांची गरज नसते. त्यामुळे पाने दिसली म्हणजे कलम लागले असे समजू नये. मुळे नसलेली काडी पानांतून पाणी गमावत राहते, त्यावर उपाय म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि खालचे टोक कुजते. तुमच्या काळ्या टोकांचे कारण जवळजवळ निश्चितपणे जास्तीचा ओलावा हेच आहे.

झाड सुप्त असताना, कडाक्याची थंडी येण्याआधी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आणि 15 ते 20 सेंटिमीटर लांबीच्या, तीन-चार डोळे असलेल्या पक्व काड्या घ्याव्यात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली असावा. लगेच लावायच्या नसतील तर किंचित ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास त्या काही महिने टिकतात. लावताना कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) यांचे मिश्रण इतकेच ओले असावे की मुठीत पिळल्यावर थेंब पडू नये. त्यानंतर बराच काळ पाणी न घालणे, हेच या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे. तळाशी 22 ते 25 अंशांची ऊब आणि वर त्याहून थंड हवा असेल तर मुळे डोळ्यांच्या आधी निघण्याची शक्यता वाढते. पारदर्शक पेल्यात लावल्यास काडी उपटून पाहण्याचा मोह टळतो.

जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबली तर दाबकलम जवळपास आपोआप तयार होते. तुमच्याकडे एवढे फुटवे असताना मी तोच मार्ग निवडेन. मात्र मातृवृक्षाच्या पानांवर पिवळे चट्टे आणि वेडेवाकडे आकार दिसत असतील, तर तो बहुधा मोझॅक रोग असतो आणि तो कलमाबरोबर नव्या झाडात जातो. छाटताना हातमोजे घालावेत, कारण अंजिराचा चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास फोड येऊ शकतात.

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. जुने लाकूड वाचवण्यासाठी झाड प्लास्टिकने गुंडाळावे का?

आडवी फांदी

नुसत्या प्लास्टिकने गुंडाळू नये. उन्हाच्या दिवशी आत तापमान चढते, रात्री पुन्हा गोठते, आणि या चढउताराने साल तडकते; शिवाय आत साचलेल्या दमटपणामुळे बुरशी येते. वाळलेली पाने किंवा पेंढा भरून वरून पाऊस अडवणारे आच्छादन घालावे आणि हवा खेळायला वाट ठेवावी. पेंढ्यात उंदीर शिरून साल कुरतडतात, म्हणून खोडाभोवती बारीक जाळी लावणे आवश्यक आहे.

तथापि, उणे 15 अंशांत उभे झाड गुंडाळण्यापेक्षा झाडाचा आकारच बदलावा, असे माझे मत आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक किंवा दोन आडव्या फांद्या कायमच्या वाढवाव्यात, त्यांवरून फळ देणारे उभे फुटवे दर वर्षी घ्यावेत आणि पानगळीनंतर ते दोन डोळ्यांवर छाटावेत. मग झाकायला उरतो तो फक्त एक बुटका पट्टा, आणि त्याला जमिनीची ऊबही मिळते. तुमचे झाड तसेही दर वर्षी जमिनीतूनच फुटते, तेव्हा येत्या वसंतात दोन लवचीक फुटवे हळूहळू वाकवून सुरुवात करता येईल.

रानमेवा

आडव्या पद्धतीशी मी सहमत आहे, पण जागा नसल्यास कुंडीही चांगली. पाने गळल्यावर ती अंधाऱ्या, 0 ते 7 अंश राहणाऱ्या, न तापवलेल्या खोलीत ठेवावी आणि माती पूर्ण कोरडी पडणार नाही इतकेच पाणी द्यावे. आच्छादन असो वा खोली, झाड बाहेर काढण्याची घाई करू नये; सुप्त डोळा जी थंडी सहज सोसतो, ती उघडलेल्या कोवळ्या पानाला एका रात्रीत मारते.

काडी ते झाड

आडवी फांदी पक्की होईपर्यंत एक-दोन दाबकलमे कुंडीत राखून ठेवा. पहिल्या हिवाळ्यात जमिनीतले झाड पुन्हा जळाले, तरी त्याच जातीचे जुने लाकूड तुमच्या हाती असेल.