चव लागत नाही म्हणून फ्लेवर दुप्पट ओतू नका

लेस्टरचे आबा
काल इथे ई-सिगारेटसाठी घरी बनवलेल्या लिक्विडबद्दल एकाने सल्ला दिला: "घरच्या लिक्विडला चव येत नसेल तर फ्लेवर दुप्पट करा, २५ टक्क्यांपर्यंत बिनधास्त जा." खाली भराभर अंगठेही पडले. वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हाच उद्योग मी केलेला आहे. आंबा ८ टक्क्यांना फिका लागला म्हणून १६ केला, मग २२. बावीसला आंबा पार गेला. उरला नेलपॉलिशसारखा वास आणि घशात ओरखडा. आख्खी बाटली वाया.

बहुतेक वेळा घोळ हिशेबात असतो. निकोटिन शॉटचंच घ्या, म्हणजे वरून मिसळायची बिनचवीच्या निकोटिनची छोटी बाटली. १०० मिलीला १२% फ्लेवर घातला आणि वरून १० मिलीचे दोन शॉट ओतले. मिलीला १८ मिलिग्रॅमचे शॉट, म्हणजे निकोटिन मिलीला ३ मिलिग्रॅमवर बरोबर बसलं, पण बाटलीत आता १२० मिली आहे आणि फ्लेवर १० टक्क्यांवर आलाय. शॉट धरून आधी एकूण माप ठरवा, मग टक्के काढा.

दुसरं, थेंब मोजणं बंद करा. लिक्विड ज्या दोन द्रवांचं बनतं त्यातलं पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल) पातळ, व्हीजी (वनस्पती ग्लिसरीन) काकवीसारखं. दोघांचा थेंब एका मापाचा पडतच नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणा. पीजी मिलीला १.०४ ग्रॅम, व्हीजी १.२६.

आणि मुरू द्या हो! लोणचं घातल्या दिवशी कोणी पानात वाढतं का? फळांना तीन-चार दिवस पुरतात, कस्टर्डला तीन आठवडे तरी हवेत.

क्रॉयडनकर
तो सल्ला माझा होता, आणि मी तो मागे घेत नाही. आबा, तुम्ही कोणतं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे फ्लेवरचा अर्क, घेता ते लिहिलंच नाहीत. मी तयार मिश्रणाचं घेतो, त्यात चार-पाच फ्लेवर आधीच एकत्र असतात. लेबलवरच १५ ते २० टक्के छापलंय. ते ८ टक्क्यांना घातलं तर पाणीच लागणार. तुमचा आंबा सुटा आणि तीव्र असेल, तर तो तुमचा प्रश्न. सगळ्यांना एकच काठी कशाला?

लेस्टरचे आबा
मग तसं लिहायचं ना! "तयार मिश्रण असेल तर" हे चार शब्द तुम्ही गाळलेत. नवीन पोरगा सुटं स्ट्रॉबेरी २५ टक्क्यांना घालून बसला तर त्याच्या घशाचं काय? लेबलचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

मँचेस्टरची ताई
दोघंही बाटलीतच अडकलात. मला दोन आठवडे कशाचीच चव लागत नव्हती. लिक्विड तापवणारी नवीन कॉइल झाली, ते शोषणारा नवीन कापूस झाला, तीन रेसिपी झाल्या. शेवटी नवऱ्याला ओढायला दिलं, तर तो म्हणाला, "अगं, किती गोड आहे हे!" म्हणजे लिक्विड ठीक होतं, माझी जीभ गेली होती. पीजी-व्हीजी दोन्ही पाणी ओढतात, तोंड कोरडं पडतं, त्यात रोज सकाळ-संध्याकाळ एकच फ्लेवर. नाक त्याची दखलच घेत नाही मग. दोन दिवस बिनफ्लेवरचं वापरलं, पाणी भरपूर प्यायले, आणि मोसंबी परत आली. आणि ते बर्फासारखं गार करणारं कूलिंग प्रत्येकात घालणं थांबवा. त्याच्याखाली नाजूक फ्लेवर दबून जातो.

साउथहॉलचा पाटील
मी तर देशी दुकानातून केवड्याचा आणि बटरस्कॉचचा इसेन्स आणतो. सव्वा पौंडात बाटली. चव एकदम कडक. एवढा काटा-बिटा कशाला?

वॉर्डातली
पाटील, आजच बंद करा. मी नर्स आहे, आणि हे रागावूनच लिहितेय. खाण्याचा इसेन्स पोटासाठी असतो, फुप्फुसासाठी नाही. कित्येक इसेन्स तेलात असतात आणि तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. बटरच्या चवीसाठी डायअसिटिल वापरतात. २००० साली अमेरिकेत मिसुरीतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं त्याच्याच वाफेने कायमची खराब झाल्याचं उघड झालं. पॉपकॉर्न खाणाऱ्यांची नाही, वाफ घेणाऱ्यांची! म्हणूनच ब्रिटनमध्ये ई-लिक्विडमध्ये ते चालत नाही.

साउथहॉलचा पाटील
ताई, इतकं ओरडायला नको होतं. दोन महिने ओढतोय, काही झालं नाही. मला एवढंच सांगा, दिवाळीत साताऱ्याला चाललोय, घरची बाटली नेता येईल ना?

मँचेस्टरची ताई
अजिबात नेऊ नका. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री, साठा सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

क्रॉयडनकर
इथेच माझं डोकं फिरतं! दिवसाला पंधरा सिगारेटी ओढायचो मी. या बाटलीने सोडवल्या, डॉक्टरने नाही. आणि सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी टपरीवर सिगारेट सुटी मिळते. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, पण मागितला की काउंटरखालून येतोच. बाबा चाळीस वर्षं तळहातावर तंबाखू-चुना मळतायत, त्यांना कोणी गुन्हेगार म्हणत नाही. मी मात्र स्मगलर!

वॉर्डातली
म्हणून काय आणखी एक व्यसन टपरीवर आणायचं? माझी आजी मिशरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजली की घरभर तो करपट वास सुटायचा, मी दाराबाहेर जाऊन बसायचे. शेवटचे सहा महिने तिला तोंड उघडून भाताची पेजही घेता येत नव्हती. माझ्या भावाचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरात टरबुजाच्या वासाचं यंत्र सापडलं, बंदी असताना. बंदी उठली तर काय होईल?

क्रॉयडनकर
आजीचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण तिला मारलं ते तंबाखूने. माझ्या बाटलीत तंबाखू नाही. पोरांना विकणाऱ्याला धरा. माझ्यासारखा चाळिशीचा माणूस परत सिगारेटकडे ढकलला जातो, त्याचं उत्तर कोणी देतच नाही.

वॉर्डातली
तुम्ही सिगारेट सोडलीत, चांगलं केलंत. ते मी नाकारलेलं नाही. पण ज्याने कधी सिगारेट धरलीच नाही त्याच्या हातात हे नको, यावर मी एक पाऊलही हटणार नाही.

लेस्टरचे आबा
अहो, धागा चवीचा होता! क्रॉयडनकर, भांडण बाजूला ठेवा. तुमच्याकडे सुटा एकच फ्लेवर असेल तर ४, ८ आणि १६ टक्क्यांच्या दहा-दहा मिलीच्या बाटल्या करा, नवीन कॉइल घाला, आठवडाभर मुरवा आणि घरच्यांपैकी कुणालातरी बाटल्यांची अदलाबदल करायला सांगा.

क्रॉयडनकर (नऊ दिवसांनी)
पेरूचं केलं. बायकोने बाटल्यांवर फक्त क, ख, ग लिहिलं होतं. सोळावाली मी पहिल्या दोन झुरक्यांत बाजूला ठेवली, औषधासारखी लागली. आठवाली आवडली. तयार मिश्रणाबाबत माझं म्हणणं तेच आहे, पण सुट्या फ्लेवरपुरतं आबा बरोबर होते.

साउथहॉलचा पाटील
बटरस्कॉच फेकला. केवड्याच्या लेबलवर तेलाचा उल्लेख नाही.

वॉर्डातली
केवडाही फेका.