वचनावर भरवसा आहे, मग द्राक्षाचा विमा काढायचा का?

तासगावची_सून:
सगळ्यांना जय ख्रिस्त. आमची तासगावजवळ थोडी बाग आहे, गेल्या हंगामात फळछाटणीनंतर पाऊस लागूनच राहिला आणि दावण्या हा बुरशीचा रोग आला, फवारण्या करून दम निघाला तरी निम्मे घडपण हाताला लागले नाहीत. आता ह्यांचं म्हणणं, यंदा फळपीक विमा काढू. पण ३१ डिसेंबरच्या उपासनेत नव्या वर्षासाठी बायबलच्या वचनाचं कार्ड काढतात ना, त्यात मला यिर्मया २९:११ निघालंय, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत असं, आणि आमच्या प्रार्थना ग्रुपमधल्या मावशी म्हणतात एवढं वचन हातात असताना विमा काढायचा म्हणजे देवावर भरवसाच नाही. मला काय सुचेना झालंय, तुम्ही लोक काय करता?

कृष्णाकाठ_मिरज:
ताई, मावशींना मत्तय ४ वाचायला द्या. मंदिराच्या टोकावर उभं करून सैतानानं येशूला वचनच दाखवलं होतं, स्तोत्र ९१ मधलं, देवदूत झेलतील म्हणून. येशूनं मारली का उडी? वचन खोटं नव्हतं, पण देवाची परीक्षा बघायची नाही म्हणाला.
आणि योसेफ बघा. ७ वर्षं सुकाळ, मग ७ वर्षं दुष्काळ, हे देवानंच कळवलं होतं, म्हणून तो हात जोडून बसला नाही, पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात टाकायला लावला. विम्याचा हप्ता त्यापेक्षा कमीच बसतो 😄

साताराकर:
विमा हा हिशोबाचा विषय, त्यात मी पडत नाही. पण कार्डावर एकच ओवी छापतात ना, त्याचा घोळ होतो. वरची १० वी वाचा, ७० वर्षांनी म्हणलंय! बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते, त्यातले कितीतरी जण तिकडंच वारले असतील. आणि ५ व्या ओवीत त्यांना काय सांगितलंय, घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. म्हणजे वचन मिळालं तरी कामाला लागायचंच होतं.

कवठ्याचा_बागायतदार:
विमा काढा, पण त्याच्यावरपण फार विसंबू नका. मी दरवर्षी काढतो, एका साली बाग झोडपून निघाली तरी रुपया आला नाही, कारण पाऊस मोजायचं केंद्र लांब आणि आमच्या शिवारातला पाऊस तिथं पडलाच नव्हता. त्या आठवड्यात मी हबक्कूक ३:१७-१८ काढून बसलो होतो, द्राक्षवेलीला फळ नसलं तरी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असं आहे तिथं. बाग गेलेल्या माणसाला ते वाचायला लई जड जातं, पण खोटं धीर देणारं वाटत नाही. मावशींचं एवढं मात्र बरोबर की विमा म्हणजे देव नव्हे.

तासगावची_सून:
सगळ्यांचे आभार. योसेफाचं ह्यांना वाचून दाखवलं, लगेच सातबारा शोधायला लागले. मावशींना विचारलं, तुमच्या मुलाच्या गाडीचा विमा आहे ना? तर म्हणाल्या, तो पोलीस धरतात म्हणून 😂