अनुभव धागा: मॉरिशसमधली आपली १ फेब्रुवारी

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामी संपली. त्या दिवशी इथे सुट्टी असते. आपण मराठी माणसं तो दिवस कसा घालवतो, ते लिहा. दोन ओळीही चालतील.

कास्काव्हेलहून
लहानपणी वाटायचं, १ फेब्रुवारी क्रेओल, म्हणजे गुलामांच्या वंशातल्या लोकांची आणि २ नोव्हेंबर आपली. १८३४ च्या २ नोव्हेंबरला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर आले, हे शाळेत पाठ होतं. दोन तारखांत तीनच महिने आहेत, हे आजीने बोटांवर मोजून दाखवलं तेव्हा उमगलं. गुलाम सुटणार हे मळेवाल्यांना दिसत होतं, म्हणून आपली माणसं आणली. वर भरपाई मालकांनाच मिळाली, २० लाख पौंडांहून जास्त! सुटलेल्यांना मात्र ‘उमेदवार’ (शिकाऊ कामगार) म्हणून १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबवलं. आजही वाचताना पोटात तुटतं.

शेजारचे क्रेओल आजोबा त्या दिवशी रावान नावाची मोठी डफली वाजवतात. बकऱ्याचं कातडं सैल पडतं, म्हणून आधी वाळक्या पाल्याचा जाळ करून त्यावर रावान फिरवतात, टिचकी मारतात, कानाशी धरतात. सूर लागला की मान हलते. गेल्या वर्षी त्यांनी ती माझ्या हातात दिली. माझा हात गणपतीतल्या जाखडीच्या ढोलकीवर बसलेला. चुकलो की ते माझं मनगट धरून पुन्हा ठेका देत.

पुण्याहून नोकरीसाठी आलेला
पहिल्या वर्षी सुट्टी म्हणून डबा घेऊन ल मोर्न डोंगराला गेलो. कड्याखाली स्मारकाशी फुलं वाहिलेली, एक बाई अनवाणी उभी. लोक सांगतात, सुटकेची बातमी घेऊन शिपाई आले, तेव्हा पकडायलाच आले असं वाटून वर लपलेल्या पळालेल्या गुलामांनी कड्यावरून उड्या टाकल्या. डबा तसाच परत आणला.

वाकोआहून
आमची सून क्रेओल. त्या दिवशी व्याही जेवायला येतात. मी पुरणपोळी करते, विहीणबाई ऑक्टोपसची करी आणतात. एकदा जेवणानंतर मी पणजोबांच्या गिरमिटाच्या नोंदीचा कागद दाखवला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मिळाला होता. त्यात गाव आहे, बापाचं नाव आहे. विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे नावापुढे नुसतं ‘मोझांबिक’. मग त्यांनी आमच्या गावाचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून पाहिलं.