सोन्याच्या दागिन्यावर नुसता ९१६ पुरेसा नाही. साजाची लाखही बघा

दागिन्यावर ९१६ (२२ कॅरेट, म्हणजे ९१.६ टक्के सोनं) हा शिक्का दिसला की डोळे झाकून घ्या, असं काहीजण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. ९१६ कुणीही ठोकू शकतो. त्रिकोणी बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, या हॉलमार्कच्या तिन्ही खुणा भिंगातून बघा. तो एचयूआयडी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार दिसतो. बांगडीवरच्या नंबराला 'अंगठी' आलं तर सरळ परत करा.

आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या साजाचं, म्हणजे आत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेल्या सोन्याच्या गळ्यातल्या दागिन्याचं मात्र कुणीच बोललं नाही. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, आतली लाख किती ते नाही. मोडताना लाख जळते, वजन घटतं, आणि मग कटकट होते. म्हणून बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्याच.