धामणीच्या धनुष्यावर दिसणारे सांधे कसे साफ करावेत?

जिंतूरची वाट:
धामण झाडाच्या लाकडाच्या दोन फाळी मुठीत डब्ल्यूच्या आकारात एकमेकींत बसवून, इपॉक्सीने चिकटवून मी साडेपाच फुटी धनुष्य केले आहे. पोटाच्या (बाण सोडणाऱ्याकडच्या) बाजूने मुठीवर शिसमाचा ठोकळा चिकटवला आहे. दोन्ही पाती सारखी वाकतात. तक्रार दिसण्याची आहे. पाठीवर (पुढच्या बाजूला) सांध्याच्या रेषा पांढरट दिसतात, मुठीत एके ठिकाणी पोस्टकार्ड शिरेल एवढी फट आहे आणि ठोकळ्याच्या खालच्या टोकाशी केसासारखी रेघ उमटली आहे. आमचे सुतारकाका म्हणतात, ‘लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरा, पॉलिश मारा, कोणाला दिसतंय?’ तसे केले तर चालेल का?

बाभूळबन:
आपण तिन्ही गोष्टी एकाच ओळीत मांडल्या आहेत, पण त्यांतील तिसरी दिसण्याची नाही. आधी तिच्याकडे पाहा. दोरी न चढवता धनुष्य हलकेच दाबा आणि त्या रेघेत दाढीचे ब्लेड शिरते का, ते तपासा. शिरत असेल, तर मूठ वाकते आहे आणि न वाकणारा ठोकळा टोकाकडून सुटतो आहे. तेथे लांबी भरल्यास ती पहिल्या दहा-वीस बाणांतच तडकेल. ठोकळा काढून दोन्ही पृष्ठे ८० नंबरच्या सँडपेपरने खरखरीत करावीत, पुन्हा चिकटवताना शिकंजा फार आवळू नये (सगळे इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा उपाशी राहतो), आणि ठोकळ्याची टोके कानशीने उतरती, कागदासारखी पातळ करावीत.

मुठीतील फट मात्र भरता येते, कारण तो भाग वाकायला नको असतो. १२० च्या पेपरवर जमलेला धामणीचा बारीक भुसा इपॉक्सीत कालवून भरावा. हे मिश्रण वाळल्यावर लाकडापेक्षा गडद दिसते. म्हणून मी सरळ शिसमाचाच भुसा घालतो, म्हणजे रेष चुकून राहिली नसून मुद्दाम ओढली आहे असे वाटते. यात थोडी लबाडी आहे, हे मान्य.

पांढरटपणा बहुधा सांध्याबाहेर पसरलेल्या गोंदाचा असावा. स्पिरिटने भिजवलेले फडके फिरवले, की लाकूड गडद होते आणि गोंदाचा डाग फिकट, चकचकीत राहतो. त्यावर पेन्सिलीने खूण करून, पात्याच्या लांबीच्या दिशेने खरवडणीने तेवढाच थर काढावा. पाठीवरील लाकडाचे तंतू मात्र कापू नयेत. नंतर १२०, २२०, ४०० असे पेपर.

गोदाकाठ:
त्यावर जवसाचे तेल द्यावे. पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसणे, दुसरा हात पहिला वाळल्यावरच. तेलाची फडकी चुरगळून ठेवू नयेत. ती आपोआप पेटू शकतात, म्हणून दोरीवर पसरून वाळवावीत. शिवाय मे महिन्यात धनुष्य पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवू नये, कारण साधे इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांना मऊ पडू लागते.

जिंतूरची वाट:
ब्लेड शिरले, तेही जवळजवळ बोटाच्या पेरभर. ठोकळा हाताने ओढताच निघाला आणि खालच्या बाजूला गोंद काचेसारखा गुळगुळीत होता. म्हणजे मी तेथे पेपरच मारला नव्हता. काकांना दाखवले, तर ते म्हणाले, ‘मग लांबी कशाला भरत होतास?’