संग्रहाच्या अंकीकरणाचे प्रशिक्षण: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (ग्रंथालयातील विभागप्रमुख)

आमच्या जुन्या संग्रहाचे अंकीकरण (डिजिटायझेशन) बाहेर न देता आपल्याच कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावे, असे ठरले आहे. संग्रहात बांधीव नोंदवह्या, सुटी पत्रे, घडीचे नकाशे आणि थोडी छायाचित्रे आहेत. सहाही कर्मचारी तालिकीकरणात, म्हणजे संग्रहाची सूची बनवण्यात, मुरलेले आहेत, परंतु स्कॅनरशी त्यांचा संबंध कार्यालयीन कागदांपुरताच आला आहे. यंत्र पुरवणारे दोन दिवसांचे प्रशिक्षण देणार आहेत. त्याची रूपरेषा पाहिली, तर ती जवळजवळ सगळी सॉफ्टवेअरच्या बटणांविषयी आहे. तेवढे पुरेल का? नसेल, तर आधी काय शिकवावे, आणि एखादी व्यक्ती स्वतंत्रपणे काम करू शकेल हे कशावरून ओळखावे?

उत्तर १ (प्रतिमांकन तंत्रज्ञ)

दोन दिवसांत यंत्र चालवता येईल, पण बिघडलेली प्रतिमा ओळखता येणार नाही, आणि खरे शिकायचे आहे ते तेच. मी पहिल्या दिवशी एकच पान मुद्दाम पाच प्रकारे टिपायला लावतो: एकदा नीट, एकदा फोकस किंचित चुकवून, एकदा एका बाजूचा दिवा मंद करून, एकदा पान तिरके ठेवून आणि एकदा स्वयंचलित ‘सुधारणा’ चालू ठेवून. नंतर पाचही प्रतिमा पूर्ण आकारात, म्हणजे शंभर टक्के मोठेपणाने, शेजारी शेजारी पाहायच्या. छोट्या आकारात बहुतेक सारख्याच दिसतात, आणि तेथेच बहुतेकांचा आत्मविश्वास जरा डळमळतो. तो डळमळलेला बरा.

त्यानंतर गणित, तेही कागद-पेन्सिल घेऊन. ए४ आकाराचे पान इंचाला ४०० पिक्सेलने आणि २४ बिट रंगात टिपले, तर दाब न दिलेली (आकार आक्रसून लहान न केलेली) टिफ प्रतिमाफाइल साधारण ४६ मेगाबाइटची होते. ६०० पिक्सेलने तीच १०४ च्या आसपास जाते. दीडपट विभेदनाला (इंचामागच्या पिक्सेलना) सव्वादोनपट जागा का लागते, हे ज्याने एकदा स्वतः मांडून पाहिले, तो ‘सगळे काही सर्वोच्च ठेवा’ असे पुन्हा म्हणत नाही. फॅड्गी या अमेरिकी संघीय संस्थांच्या अंकीकरण-गटाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुणवत्तेच्या चार तारांकित पातळ्या आहेत. कोणत्या वस्तूला कोणती पातळी हवी, यावर प्रशिक्षणात वाद होऊ द्यावा. रंगपट्टी आणि मोजपट्टी प्रत्येक सत्राच्या आरंभी टिपायची, पडद्याचे रंग-अंशन करायचे (रंग खरे दिसतील असे जुळवायचे) आणि रंगाचा निवाडा खिडकीच्या उजेडात करायचा नाही, या सवयी मात्र वादाशिवाय लावाव्यात.

एक उदाहरण अवश्य सांगा. २०१३ मध्ये असे उघडकीस आले की, काही कार्यालयीन स्कॅनर-कॉपियर यंत्रे दाब देताना सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचे तुकडे एकमेकांच्या जागी बसवत होती, त्यामुळे ६ च्या ठिकाणी ८ उमटत होता, आणि तोही अगदी स्वच्छ. धूसर प्रतिमेचा संशय तरी येतो. जतनासाठीच्या मूळ फाइलला तपशील गमावणारा दाब का द्यायचा नाही, हे या प्रसंगातून जितके पटते तितके नियमावली वाचून पटत नाही.

उत्तर २ (जतन विभागातील कर्मचारी)

वरील उत्तराशी सहमत आहे, पण क्रमाशी नाही. पहिला दिवस यंत्राविना असावा. नोंदवही किती अंशांपर्यंत उघडते, शिवण कोठे ताणली जाते, कोणती शाई पापुद्र्यासारखी सुटत आहे, हे हाताळून कळले पाहिजे. पुठ्ठ्याच्या टाकाऊ वह्यांवर सराव करून घ्या. बांधीव वही सपाट काचेच्या स्कॅनरवर पालथी दाबायची नाही. व्ही आकाराच्या आधारावर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपायची. कागदासाठी सुती हातमोज्यांचा आग्रहही सोडावा, कारण त्यांनी बोटांची जाणीव बोथट होते आणि पानाची कड फाटते. स्वच्छ, कोरडे हात अधिक सुरक्षित असतात. छायाचित्रांसाठी मात्र नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे हवेत.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही रूपरेषेत नसते: ‘हे पान मी आज टिपणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार टेबलावरच्या व्यक्तीला लेखी द्या. रोज अमुक पाने झालीच पाहिजेत, असे लक्ष्य डोक्यावर असले की माणूस घडी जोर लावून उलगडतो.

उत्तर ३ (तालिकाकार)

आपले कर्मचारी तालिकीकरणात मुरलेले आहेत, ही मोठीच जमेची बाजू आहे. फाइलींची नावे, पानांचा क्रम आणि वर्णनात्मक नोंद यांवर सर्वाधिक चुका होतात, आणि तेथे कॅमेऱ्याचे कौशल्य उपयोगी पडत नाही. टिपण्याआधी पाने मोजून आकडा लिहून ठेवायचा. कोरी पानेही टिपायची, नाही तर वाचकाला ते पान कोरे होते की सुटले, हे कधीच कळणार नाही. क्रमांक ००१ असा शून्यांसह द्यायचा, म्हणजे १० वे पान २ च्या आधी येऊन बसत नाही. प्रत्येक फाइलची चेकसम, म्हणजे फाइल पुढे बदलली का हे ओळखण्याचा सांकेतिक आकडा, त्याच दिवशी काढून ठेवायची.

विभागप्रमुख

आभारी आहे. जतनाचा दिवस आधी ठेवतो. तयारी कशी पारखावी, हा भाग मात्र अजून उरला आहे.

उत्तर १ (प्रतिमांकन तंत्रज्ञ)

जतनाच्या दिवसाबाबत माझा क्रम चुकला होता, हे मान्य.

पारखण्यासाठी शंभर प्रतिमांचा एक संच तयार करा आणि त्यांत स्वतःला माहीत असलेले बारा दोष पेरा: एक पान दोनदा, एक गाळलेले, एकाची आतली कड कापलेली, एकावर बोटाची सावली, एका कृष्णधवल प्रतिमेत अनुस्वार नाहीसे झालेले, आणि असेच आणखी काही. मूळ वही शेजारी ठेवू द्या, पण घाई करू नका. किती दोष सापडले यापेक्षा कोणते सुटले ते पाहा. धूळ आणि तिरकेपणा प्रत्येकाला दिसतो. गाळलेले पान ज्याला वहीशी ताडून सापडले, त्याला टेबल द्यायला हरकत नाही. बाकीच्यांनी आणखी एक आठवडा त्याच्या शेजारी बसून पाने मोजावीत.