दाताच्या डॉक्टरची भीती: तुमची कशी गेली? (की गेलीच नाही?)

आमच्या आईने अक्कलदाढेचं दुखणं तीन आठवडे लवंगेवर काढलं. गाल सुजला तेव्हा कुठे बोलली. का, तर म्हणे सुईची भीती वाटते. दोन बाळंतपणं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई! तर तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटायची आणि ती कशाने कमी झाली, तेवढं लिहा. "त्यात काय घाबरायचं" हे वाक्य इथे चालणार नाही.

*

सुईचं काही नाही, मला त्या मशीनचा आवाज सोसत नाही. कानात भीमसेन लावून बसले. आवाज हाडातूनही येतो, त्यामुळे पूर्ण जात नाही, पण निम्मा तरी गेला.

*

चौथीत होतो. दात काढताना कंपाउंडरने दंड धरून ठेवले आणि डॉक्टर "झालं, झालं" म्हणत राहिले. झालेलं काहीच नव्हतं. त्यानंतर तीस वर्षं मी दवाखान्याची पायरी चढलो नाही, खालची एक दाढ किडून पार पोकळ झाली.

शेवटी गेलो ते बायकोने हाताला धरून नेलं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची आडवी करण्याआधीच सांगितलं, "डावा हात वर केलात की मी थांबेन." माझा विश्वास बसेना. काही दुखत नसताना उगाच दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मशीन थांबलं. तिसऱ्यांदा खरोखर कळ आली, तर त्यांनी न बोलता आणखी थोडं भुलीचं औषध दिलं. रूट कॅनालला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला एकटा गेलो.

*

मी दंतवैद्य आहे, म्हणून थोडं पलीकडच्या बाजूचं. "अजिबात दुखणार नाही" असं मी म्हणत नाही. आधी जेल लावून मिनिटभर थांबते, सुई सावकाश देते आणि सांगते की आता टोचेल, नंतर दाब जाणवेल पण कळ यायला नको. भुलीच्या औषधात बहुधा ॲड्रेनॅलिन असतं, त्याने थोडा वेळ धडधडतं. हे आधी सांगितलं नाही तर पेशंटला वाटतं हार्ट अटॅक आला.

आणि ज्यांना "इंजेक्शन चढलंच नाही" असा अनुभव आहे, ते खोटं बोलत नाहीत. सुजलेल्या जागी आम्लता वाढते आणि औषध नीट काम करत नाही. म्हणजे भीतीपोटी थांबावं, तर थांबल्यामुळेच जास्त दुखतं. उपाशीपोटीही येऊ नका हो, त्यानेही चक्कर येते. बीपीच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

*

"गप बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील" हे मीच लेकाला सांगत आले. मग दाताच्या वेळी तो खुर्चीवर चढेना, यात त्याचा काय दोष? आणि बधिर झालेला ओठ त्याने गंमत म्हणून चावून चावून टम्म सुजवला. त्याकडे लक्ष ठेवा, दोन-तीन तास तरी.

*

धागा काढणारीच परत. आईला आधी पाच दिवस गोळ्या दिल्या, आज दाढ निघाली. हातवाला अनुभव तिला वाचून दाखवला होता. चार वेळा हात वर केलान म्हणे, त्यातला एकदा "अजून किती वेळ?" हे विचारायला. आता अर्ध्या बधिर तोंडाने चहा मागते आहे, आणि तो गार करून दिला म्हणून माझ्यावर चिडली आहे.